परीक्षेपुरते भौतिकशास्त्र

आपल्या मुलामुलींना वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून आपण दोन वर्षे जिवाचे रान करतो. त्या दोन वर्षांत घरातील सर्वांत मोठा बागुलबुवा असतो तो भौतिकशास्त्राचा. नीट परीक्षेच्या ७२० गुणांपैकी १८० गुण, म्हणजे नेमका चौथा हिस्सा, या एका विषयाचा. शिकवणीवर्गाचा निम्मा खर्च आणि बहुतेक सारी जागरणे त्याच्यापायी होतात. पुढे प्रवेश मिळतो, पेढे वाटले जातात आणि ती जाडजूड पुस्तके त्याच आठवड्यात रद्दीवाल्याच्या तराजूत पडतात. एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात या विषयाला स्वतंत्र स्थान नाही. शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकात एखादे सूत्र डोकावते, तोंडी परीक्षेत ते विचारले जाते आणि तेथेच त्याचे उत्तरकार्य उरकते.

ही रीत आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे कोणास वाटत नाही. मला वाटते. ते वाटण्याचे कारण असे की गेल्या तीसएक वर्षांत भौतिकशास्त्राने आपला मुक्काम हलविला आहे. तारे आणि अणुगर्भ यांचा अभ्यास चालूच आहे. परंतु या शास्त्राची एक मोठी शाखा आज रक्त, श्लेष्मा, जीवाणूंचे थवे, पेशींचे थर यांच्यापाशी येऊन बसली आहे. जटिल द्रव आणि सक्रिय द्रव्य अशी तिची दोन नावे आहेत. ज्या पदार्थांत आपला सारा दिवस जातो त्यांच्याविषयी ती बोलते आणि आपण मात्र ती भाषा प्रवेशपरीक्षेच्या दिवशीच विसरून आलेलो असतो.

वस्तुतः ही शाखा आपल्याच घरची लेक आहे. नळीतील प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते प्वाझेय हे फ्रेंच वैद्य होते. १८२८ मध्ये पाऱ्याचा दाबमापक वापरून त्यांनी धमन्यांतील रक्तदाब मोजला आणि केशवाहिन्यांतील प्रवाह समजावा एवढ्याचसाठी पुढे बारीक काचनळ्यांचे प्रयोग केले. विसरणाचे नियम १८५५ मध्ये मांडणारे फिक हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. हृदयाचे उत्सारण मोजताना आपण त्यांचेच नाव घेतो. स्थितिस्थापकतेचा गुणांक ज्यांच्या नावाने चालतो ते टॉमस यंग लंडनमध्ये वैद्यकी करीत. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा विचार रॉबर्ट मायर यांना सुचला तो १८४० मध्ये, जहाजावरील डॉक्टर म्हणून पूर्वेकडील बेटांत रुग्णांचे रक्त काढताना. नीलेतील रक्त अपेक्षेपेक्षा लाल दिसले, एवढेच निमित्त! तेव्हा वैद्य आणि भौतिकशास्त्रज्ञ यांच्यामध्ये भिंत नव्हती. ती नंतर उभारली गेली आणि ती उभारण्यात दोन्ही बाजूंचा हात आहे.

जटिल द्रव म्हणजे काय, हे समजून घेण्यास प्रयोगशाळेत जावे लागत नाही, स्वयंपाकघर पुरे. पाणी हळू ढवळा वा जोराने, त्याची श्यानता तीच राहते. दह्याचे तसे नाही. लागलेले दही भांडे कलते केले तरी हलत नाही, पण चमच्याने घुसळले की पातळ होते. कुरडयांचा चीक, भिजवलेली कणीक, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. अशा पदार्थांत सूक्ष्म कणांची वा लांबलचक रेणूंची एक अंतर्गत रचना असते आणि ढवळण्याच्या जोराप्रमाणे ती मोडते वा पुन्हा जुळते. रक्त याच बिरादरीतले. संथ प्रवाहात तांबड्या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकीवर एक रचल्या जातात आणि रक्त दाटते. प्रवाह वेगवान झाला की चवडी मोडतात, पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात आणि रक्त पातळ होते. १९३१ मध्ये फाहरेउस आणि लिंडक्विस्ट यांनी याहूनही चमत्कारिक गोष्ट दाखविली. सुमारे ०.३ मिलिमीटरहून बारीक नळीत रक्ताची भासमान श्यानता नळी अरुंद होत जाईल तशी कमी होत जाते. पेशी मध्यभागी सरकतात, भिंतीलगत प्लाझ्माचा थर राहतो आणि तोच वंगणाचे काम करतो. निसर्गाने ही सवलत दिली नसती तर आपल्या हृदयाला केवढा भार वाहावा लागला असता, याची कल्पनाच केलेली बरी.

याच फाहरेउस यांच्यापासून आपल्या सर्वांत स्वस्त चाचणीची परंपरा सुरू होते. ई.एस.आर.ची नळी गेली शंभर वर्षे आपल्या भिंतीवर उभी आहे. तिचे स्पष्टीकरण आपण सर्वांनी पाठ केले आहे: दाहात फायब्रिनोजेन वाढते, पेशींच्या चवडी मोठ्या होतात आणि जड चवडी लवकर खाली बसतात. उत्तर सुटसुटीत आहे. परीक्षेत पूर्ण गुण मिळतात. पण नळीकडे नीट पाहिले तर त्यात खोच दिसते. सुट्या चवडी एकेकट्या खाली पडत असत्या, तर मोठ्या लवकर आणि लहान उशिरा बसून वरची सीमारेषा धूसर व्हायला हवी होती. ती तर शेवटपर्यंत सुरीने कापल्यासारखी स्वच्छ असते. शिवाय पहिली काही मिनिटे जवळजवळ काहीच घडत नाही, मग वेग येतो आणि शेवटी पुन्हा मंदावतो. २०२२ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी याचे नवे स्पष्टीकरण प्रसिद्ध केले. पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास पेशी असलेल्या रक्तात सुट्या चवडींना जागाच नसते. त्या एकमेकींना चिकटून नळीभर एक सलग, नाजूक जाळे तयार होते, म्हणजे एका अर्थी रक्ताचे दही लागते. हे जाळे स्वतःच्या भाराने खचते, त्यात भेगा पडतात आणि त्या भेगांतून प्लाझ्मा वर निघून येतो. आपण वाचतो तो आकडा या कोसळण्याच्या वेगाचा आहे.

कोणी म्हणेल, आकडा तोच राहिला, रुग्णाचे उपचार तेच राहिले, मग स्पष्टीकरण बदलल्याने काय साधले? माझे उत्तर असे की, ज्या चाचणीवर आपण रोज सही करतो तिच्या मुळाशी असलेला प्रश्न शंभर वर्षे आपल्या डोळ्यांसमोर उभा होता. तो विचारण्यास यंत्र लागत नव्हते. नळीपाशी थांबून पाहावे एवढेच लागत होते. दररोज ती नळी पाहणारे लक्षावधी डोळे आपले होते, तरी स्पष्टीकरण नव्याने तपासण्यात पुढाकार घेतला तो भौतिकशास्त्राच्या लोकांनी. रोगनिदानाची घाई कुतूहलाला मारते. आपल्या व्यवसायाला जडलेला हा जुना रोग आहे.

आता सक्रिय द्रव्याकडे वळू. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन यांना, तेही एके काळी लष्करात शल्यवैद्याचे साहाय्यक होते, परागातील सूक्ष्म कण पाण्यात थरथरताना दिसले. ही जिवंतपणाची खूण असेल, अशी शंका सहज यावी. पण निर्जीव धूळही तशीच थरथरते हे त्यांनी स्वतःच दाखविले. ती थरथर उष्णतेने हलणाऱ्या पाण्याच्या रेणूंनी बाहेरून दिलेली असते. याउलट जीवाणू, शुक्राणू, श्वासमार्गातील लोमके किंवा पेशीच्या आतील प्रथिनांच्या मोटारी यांची हालचाल स्वतः इंधन जाळून होते. प्रत्येक कण स्वतःची शक्ती स्वतः खर्च करतो आणि असे कण गर्दीने एकत्र आले की त्यांच्यातून एकेकट्यात नसलेले वर्तन उमटते. याच द्रव्याला सक्रिय म्हणतात. १९९५ मध्ये हंगेरीच्या व्हिचेक आणि सहकाऱ्यांनी पक्ष्यांच्या थव्यासारख्या समूहाचे एक साधे गणिती प्रारूप मांडले, तेव्हापासून या विषयाला वेग आला.

येथे अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट म्हणजे या शाखेच्या पायाभरणीत बंगळूरचा वाटा फार मोठा आहे. भारतीय विज्ञान संस्थेतील श्रीराम रामस्वामी यांचे नाव या विषयात जगभर आदराने घेतले जाते. २००४ मध्ये त्यांनी मदन राव, आदिती सिंहा आणि रामन संशोधन संस्थेतील यशोधन हातवळणे यांच्यासह एक भाकीत केले. पोहणारे सूक्ष्मजीव ज्या द्रवात असतील त्याची श्यानता त्यांच्या पोहण्याच्या पद्धतीप्रमाणे वाढेल वा घटेल, ई. कोलायसारखे, मागून ढकलत जाणारे जीवाणू ती घटवतील. २००९ मध्ये बॅसिलस जीवाणूंच्या द्रवात ही घट मोजली गेली, तर २०१५ मध्ये फ्रान्समधील प्रयोगांत ई. कोलायच्या दाट द्रवाची श्यानता जवळजवळ शून्यावर आलेली आढळली. कागदावरचे गणित अकरा वर्षांत काचेच्या भांड्यात उतरले. हातवळणे या आडनावाचा उल्लेख मी मुद्दाम केला. आपल्या मंडळाच्या सत्कार-समारंभांत गायक, नट आणि क्रिकेटपटू येतात, ते यावेतच. पण मराठी आडनावाचा एखादा भौतिकशास्त्रज्ञही जगाच्या नकाशावर असतो, हे आपल्या मुलांना कोणी सांगावे?

एवढे झाल्यावर सभागृहातील व्यवहारी सदस्य विचारणारच की, रुग्णाला याचा उपयोग काय. प्रश्न रास्त आहे. मूत्रनलिका, म्हणजे आपला नित्याचा कॅथेटर, घेऊ. मूत्र वरून खाली वाहते, तरी जीवाणू खालून वर चढतात. का? ई. कोलाय ज्या जगात राहतो तेथे जडत्वाला किंमत नसते. एडवर्ड पर्सेल यांनी, ज्यांच्या चुंबकीय अनुनादावरील शोधातून पुढे आपले एम.आर.आय. आले त्यांनीच, १९७६ च्या एका व्याख्यानात हिशोब मांडला होता: जीवाणूने पोहणे थांबविले तर तो अणूच्या व्यासाइतके अंतरही पुढे सरकत नाही. अशा जगात भिंतीजवळचा प्रवाह मधल्या प्रवाहाहून मंद असतो आणि तेथील वेगातील फरक जीवाणूचे तोंड प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला वळवितो. वळला की तो पोहत वर निघतो. नदीला पूर आला असता काठाकाठाने वर जाणाऱ्या माणसासारखा. हे वर्तन २००७ पासून प्रयोगांनी दाखविले गेले आहे. २०२४ च्या आरंभी अमेरिकेतील कॅलटेक संस्थेच्या गटाने त्यावरून कॅथेटरच्या आतल्या भिंतीला ठरावीक आकाराचे त्रिकोणी अडथळे दिले. त्यामुळे भिंतीजवळचा प्रवाह असा बदलतो की वर चढणारा जीवाणू पुन्हा खाली लोटला जातो. प्रयोगशाळेत चोवीस तासांत वरपर्यंत पोहोचणारे जीवाणू सुमारे शंभरपटीपर्यंत कमी झाले. प्रतिजैविक नाही, चांदीचा मुलामा नाही, केवळ आकार!

हे यश प्रयोगशाळेतले आहे, रुग्णांवरील चाचण्यांचे नव्हे. तेव्हा उद्याच नवा कॅथेटर मागवू नये. पण विचाराची दिशा पाहा. जीवाणू वर चढतो म्हटल्यावर आपल्याला एकच उपाय सुचतो, तो म्हणजे त्याला मारावयाचे. त्यापायी प्रतिजैविकांचा जो अनिर्बंध वापर चालला आहे आणि त्याचे जे फळ आपण अतिदक्षता विभागांत भोगत आहोत, त्याविषयी याच स्मरणिकेच्या वाचकांना मी काय सांगावे! तो चढतो कसा हे विचारणाऱ्याला दुसरा उपाय सुचला.

माझ्या मते सर्वांत जवळचा प्रश्न मात्र सिकलसेलचा आहे. आपण इंदूरकर डॉक्टर झाबुआ, अलीराजपूर, बडवाणी, धार येथून येणारे हे रुग्ण पाहतो. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच प्रदेशात, शहडोल येथे, राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला; सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. आपल्यापैकी बहुतेकांसाठी हा आनुवंशिकतेचा, एका अमिनो आम्लाच्या बदलाचा आजार आहे. ते खरेच, परंतु वेदना जनुकाने थेट होत नाही. ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिन एसचे रेणू जोडले जाऊन त्यांचे तंतू होतात, तंतूंचे जाळे होते आणि पेशीच्या आतला द्रव घट्ट होतो. येथेही दहीच लागते. ते तत्काळ लागत नाही. काही काळ वरकरणी काहीच घडत नाही आणि मग एकाएकी सारे गोठते. या थांब्याच्या काळात पेशी केशवाहिनी ओलांडून फुप्फुसांकडे निघाली तर बचावली. मध्येच गोठली तर अडकली.

१९७४ मध्ये हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी हा थांबा मोजला. यांतील ईटन हे वैद्यकीय पदवीधर. निष्कर्ष विलक्षण होता: हा काळ हिमोग्लोबिनच्या संहतीच्या सुमारे तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. तिसावा घात! प्वाझेय यांच्या चौथ्या घाताने आपण चकित होतो. पेशीतील संहती केवळ पाच टक्क्यांनी घटली तर गोठण्याआधीचा काळ साडेचारपटींहून अधिक लांबतो. निरनिराळ्या परिस्थितींत हा घातांक कमी भरतो. तो पंधरा धरला तरी तो काळ दुपटीहून अधिक होतो. या एका नियमाने कितीतरी सुटी निरीक्षणे एका धाग्यात येतात. वाहकाच्या पेशीत हिमोग्लोबिन एस निम्म्याहून कमी असते, म्हणून तो एरवी निरोगी राहतो. पण मूत्रपिंडाच्या गाभ्यात, जेथे पेशीतील पाणी ओढले जाते, तेथे त्याचीही पेशी वाकते आणि लघवी घट्ट करण्याची क्षमता कमी होते. हायड्रॉक्सियुरियाने गर्भीय हिमोग्लोबिन वाढते; ते तंतूत सामील होत नाही आणि थांबा लांबतो. आपल्याकडील अनेक आदिवासी रुग्णांत हे गर्भीय हिमोग्लोबिन मुळातच अधिक असते, हेही येथे आठवावे.

अशा रुग्णाला आपण चिठ्ठीच्या तळाशी लिहितो, "पाणी भरपूर प्या." तोंडाने सांगतो तेही उठता उठता. वैशाखातल्या उन्हात बांधकामावर राबणाऱ्या माणसाला, ज्याचे मूत्रपिंड आधीच पाणी धरून ठेवत नाही, हे वाक्य त्याच्या जिवाइतके मोलाचे आहे. तिसाव्या घाताचा अर्थ कळलेला डॉक्टर ते वाक्य तळाशी लिहिणार नाही. तो खुर्चीवर बसून सांगेल, ठेकेदाराच्या नावे चिठ्ठी देईल, कामावर पाण्याचा हंडा कोठे असतो हे विचारील.

भौतिकशास्त्राच्या भक्तांनीही फार हुरळून जाऊ नये. पेशीतून पाणी निघू न देणारे सेनिकापॉक नावाचे औषध याच तर्काने तयार झाले. मोठ्या चाचणीत रक्तपेशींचा नाश कमी झाला, मात्र वेदनेचे झटके कमी झाले नाहीत. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले व्हॉक्सेलोटर हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरून ठेवण्यास भाग पाडते; तर्क सुंदर होता, तरी २०२४ मध्ये ते बाजारातून मागे घ्यावे लागले. शरीर हे सूत्राहून नेहमीच मोठे असते. पेशी केवळ गोठल्यामुळे अडकत नाही. ती भिंतीला चिकटते, दाह होतो, श्वेतपेशी येतात. तसेच "पाणी द्या" याचा अर्थ शिरेतून सलाइनच्या बाटल्या ओता असाही नव्हे. अतिरिक्त द्रवाने फुप्फुसाची अवस्था बिघडण्याचे भय असते. हे तारतम्य भौतिकशास्त्रज्ञाला कोण देणार? रुग्णाच्या उशाशी बसलेला वैद्यच देईल; पण त्यासाठी आधी त्याला समोरच्याचे बोलणे समजले पाहिजे. आज अवस्था अशी आहे की ज्यांना श्लेष्म्याचे समीकरण मांडता येते त्यांनी दम्याचा रुग्ण रात्री दोन वाजता पाहिलेला नसतो आणि ज्यांनी तो पाहिला त्यांना समीकरण म्हटले की नीटचा शिकवणीवर्ग आठवतो.

अभ्यासक्रम बदला, अशी मागणी मी करणार नाही. दिल्लीला पत्रे पाठवून थकलेले पुष्कळ लोक आपल्यात आहेत. आपल्या हातात आपली मासिक सभा आहे. तिच्यात वर्षाकाठी बहुतेक व्याख्याने नव्या औषधांवर होतात आणि त्यांच्यामागे कोणत्या कंपनीचे जेवण असते हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांपैकी एक संध्याकाळ या विषयाला द्यावी. आपल्याच शहरात भारतीय प्रौद्योगिकी संस्था आहे. तेथील एखाद्या प्राध्यापकास बोलवावे. त्यांनी तासभर बोलावे असे नव्हे. अर्धा तास त्यांनी बोलावे आणि अर्धा तास आपण आपले प्रश्न त्यांच्यासमोर ठेवावेत: डायलिसिसच्या नळीत गुठळी नेमकी कोणत्या वळणावर धरते, गुडघ्यातील वंगण वयाबरोबर पातळ होते म्हणजे त्याचे काय बदलते, लहान मुलाचा कफ वाफेने सुटतो की नुसता सुटल्यासारखा वाटतो. उत्तरे त्या संध्याकाळी मिळणार नाहीत. जेवण साधे ठेवावे, पोहे-जिलबी चालेल, आणि प्रायोजक नसावा. विभागातील निवासी डॉक्टरांना आवर्जून बोलवावे, कारण त्यांच्या डोक्यात ते भौतिकशास्त्र अजून पुरते पुसले गेलेले नसते, आणि ई.एस.आर.ची एक भरलेली नळी टेबलावर उभी करून ठेवावी.